चिनी अक्षरांच्या उंबरठ्यावर : मराठी विद्यार्थी आणि हरवलेल्या धम्मग्रंथांचा शोध

जिंतूर तालुक्यातील बोरी येथे वर्षावासातील ग्रंथवाचन आटोपल्यानंतर थोडी चर्चा चालली होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे वाचन त्या दिवशी झाले होते. बोलण्याच्या ओघात प्रस्तुत लेखकाने असे सांगितले की, बौद्ध वाङ्मयाचा मोठा भाग आज भारतात कोणत्याही भारतीय भाषेत उपलब्ध नसून तो चिनी भाषेत आहे, आणि तो वाचता यावा म्हणून काही मराठी विद्यार्थी परदेशी जाऊन ती भाषा शिकले. त्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने विचारले, “सर, धम्म जन्मला आपल्या मातीत. मग त्याचे ग्रंथ समजून घेण्यासाठी चिनी शिकायची, हे उलटेच नाही का? आणि आमच्यापैकी कोणाला ते शिकता येईल का?”

प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्याचेही उत्तर इतिहासातच आहे, परंतु ते सुखद नाही. या दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

जे हरवले आणि जे राहिले

ज्या ग्रंथाच्या वाचनानंतर हा प्रश्न निघाला, त्यापासूनच आरंभ करणे उचित ठरेल. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडातील कित्येक प्रसंग अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ या महाकाव्याशी जवळचे नाते सांगतात. सिद्धार्थाला मोहविण्याचा स्त्रियांचा प्रयत्न, बिंबिसाराशी झालेला संवाद आणि आळार कालामाची भेट ही त्याची उदाहरणे होत. बुद्धचरिताचे एकूण २८ सर्ग आहेत. त्यांपैकी पूर्वार्धच काय तो संस्कृतात आपल्या हाती आला. चौदाव्या सर्गाच्या पुढचा भाग, म्हणजे संबोधीनंतरचे तथागतांचे जवळजवळ सर्व चरित्र, संस्कृतात नष्ट झाले आहे. तो भाग ज्यांना वाचावयाचा आहे त्यांना चिनी किंवा तिबेटी भाषांतराकडेच वळावे लागते. बुद्धचरिताचे चिनी भाषांतर इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळातील दानलेख आहे. वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक निकायाच्या भिक्खूंना दान दिल्याची नोंद त्यात आहे. सह्याद्रीच्या कुशीत दुसऱ्या शतकात राहणारे हे भिक्खू कोणत्या नियमांनी बांधलेले होते? त्यांचा उपोसथ, त्यांचा वर्षावास, चीवर आणि भिक्षा यांविषयीचे त्यांचे नियम काय होते? त्यांच्या निकायाचा संपूर्ण विनय आज उपलब्ध आहे, परंतु तो मराठीत, पालीत वा संस्कृतात नव्हे. तो चिनी भाषेत आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान या चिनी भिक्खूने पाटलिपुत्र येथे त्याची प्रत मिळविली आणि स्वदेशी परतल्यावर बुद्धभद्र या भारतीय भिक्खूच्या साहाय्याने तिचे भाषांतर सिद्ध केले. कार्ल्याच्या दगडात त्या भिक्खूंचे नाव उरले आणि त्यांची जीवनपद्धती चीनच्या कागदावर उरली.

अशी उदाहरणे कितीतरी देता येतील. दीघ, मज्झिम, संयुत्त आणि अंगुत्तर या पाली निकायांना समांतर असलेले चार आगम चिनीत आहेत. सर्वास्तिवादी, धर्मगुप्तक आणि महीशासक या निकायांचे विनय चिनीत आहेत. १९२४ ते १९३४ या काळात तोकियो येथून चिनी त्रिपिटकाची ‘ताइशो’ आवृत्ती शंभर खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्याकडे पाहिले म्हणजे या भांडाराचा विस्तार ध्यानात येतो. विहारे उद्ध्वस्त झाली, भिक्खुसंघ नाहीसा झाला, पोथ्यांच्या नकला करणारे हात थांबले आणि भारतात हे वाङ्मय लोपले. दुसऱ्या देशाने ते जपले, कारण त्या देशातील विद्यार्थी कधीकाळी येथे येऊन आपली भाषा शिकले होते.

तिकडून आलेले विद्यार्थी

फाहियान, ह्युएनत्संग आणि इत्सिंग यांना आपण प्रवासी म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे उल्लेख त्याच नात्याने येतात. वस्तुतः ते प्रथम विद्यार्थी होते आणि प्रवास हे त्यांच्या विद्यार्जनाचे साधन होते.

फाहियान इ. स. ३९९ मध्ये निघाला, तेव्हा तो तरुण नव्हता. विनयाचे ग्रंथ मिळविणे हा त्याचा उद्देश होता. उत्तर भारतात त्याला अडचण आली ती अशी की, गुरू शिष्यांना मुखाने पाठ देत. नकलून घेण्याजोगी लिखित प्रत मिळेना. अखेर पाटलिपुत्रात त्याला प्रत मिळाली. तेथे तो तीन वर्षे राहिला, भाषा शिकला आणि स्वहस्ते विनय लिहून घेतला. वर कार्ल्याच्या संदर्भात ज्याचा उल्लेख केला तो हाच विनय.

ह्युएनत्संग हा इ. स. ६२९ च्या सुमारास निघाला आणि ६४५ मध्ये परतला. नालंदेस त्याने शीलभद्राजवळ अध्ययन केले. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. पुलकेशीच्या या राज्यात शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. येथील लोक स्वाभिमानी आहेत, उपकाराची जाण ठेवणारे आहेत आणि विद्येचे प्रेमी आहेत, असेही त्याने नमूद केले. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या भव्य संघारामाचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे आहे, असे विद्वान मानतात. परतताना त्याने ६५७ ग्रंथ नेले आणि उर्वरित आयुष्य भाषांतरात वेचले.

तथापि विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवसांच्या दृष्टीने इत्सिंगचा वृत्तान्त सर्वांत बोधप्रद आहे. तो ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला. थेट भारतात न येता सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे तो सहा महिने थांबला, कारण त्याला प्रथम संस्कृत व्याकरणाची तयारी करावयाची होती. त्यानंतर बंगालच्या किनाऱ्यावरील ताम्रलिप्तीस आल्यावरही तो नालंदेकडे धावत सुटला नाही. तेथे आधीपासून राहत असलेल्या एका चिनी भिक्खूच्या सहवासात सुमारे एक वर्ष त्याने भाषेचा अभ्यास केला आणि मगच पुढचा मार्ग धरला. पुढे आपल्या देशबांधवांना त्याने सल्ला दिला की, ज्यांना भारतात अध्ययन करावयाचे आहे त्यांनी आधी वर्ष-दोन वर्षे श्रीविजयात राहून पूर्वतयारी करावी. परक्या भाषेच्या दारातले पहिले दिवस किती अवघड असतात, याची जाण असणाऱ्याचाच हा उपदेश आहे. भाषेवाचून ग्रंथ नाही आणि उंबरठा ओलांडल्याशिवाय घरात प्रवेश नाही, हे तो स्वानुभवाने जाणत होता.

पुण्यातून उलट दिशेने

तेराशे वर्षांनंतर हाच मार्ग काही मराठी विद्यार्थ्यांनी उलट दिशेने चालावयास घेतला. त्यांच्या मागे एका मराठी गुरूची प्रेरणा होती. ते गुरू म्हणजे गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी. शालेय शिक्षण फारसे नसलेला हा मनुष्य बुद्धाच्या शोधात घर सोडून बाहेर पडला. १९०२ मध्ये श्रीलंकेस जाऊन त्यांनी विद्योदय महाविहारात पालीचे अध्ययन केले. १९१० पासून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी त्यांना अनेकदा बोलावण्यात आले. १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, आणि १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, कामगार वस्तीत, बहुजन विहार स्थापन केला.

कोसंबींचे विद्यार्थी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी १९२४ मध्ये ‘सुत्तनिपात’ देवनागरीत संपादून प्रसिद्ध केला. पुढे ते हार्वर्डला गेले आणि १९३२ मध्ये तेथील डॉक्टरेट त्यांना मिळाली. त्यांच्या अभ्यासाचा विषय ध्यानात घेण्याजोगा आहे. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’पूर्वी उपतिस्स थेरांनी ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा ग्रंथ रचिला होता. त्याचे मूळ लुप्त झाले होते. उरले होते ते सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल या फुनान देशीच्या, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या परिसरातील, भिक्खूने केलेले चिनी भाषांतर. बापटांनी ते चिनी भाषांतर आणि पाली विसुद्धिमग्ग यांची ओळीने तुलना केली. बुद्धघोष नाव न घेता ‘काही जण’ म्हणून ज्यांच्या मताचा उल्लेख करतो ते उपतिस्स होत, असे टीकाकार धम्मपालाने म्हटले आहे. आणि ते मत चिनी ग्रंथात खरोखरच सापडते. हा प्रबंध १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला.

बापट येथेच थांबले नाहीत. सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग हा धम्मवाङ्मयाच्या अत्यंत प्राचीन थरांपैकी एक मानला जातो. त्याचे चिनी रूप ‘अर्थपदसूत्र’ हे तिसऱ्या शतकात चि-छ्येन याने भाषांतरित केले होते. पालीप्रमाणेच त्यातही सोळा सूत्रे आहेत. मात्र प्रत्येकाच्या गाथांना निमित्तकथेची जोड आहे. १९४५ ते १९५० या काळात शांतिनिकेतनातून बापटांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ज्या गाथा १९२४ मध्ये त्यांनी पालीत छापल्या, त्याच गाथा वीस वर्षांनी त्यांना चिनी अक्षरांत पुन्हा भेटल्या. १९७० मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, जपानी विद्वान आकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने त्यांनी ‘समंतपासादिका’ या विनय-अट्ठकथेच्या चिनी रूपाचे भाषांतर प्रसिद्ध केले. तरुणपणी ज्या भाषेची मुळाक्षरे गिरविली तिच्याशी त्यांनी अखेरपर्यंत इमान राखले.

दुसरे विद्यार्थी वासुदेव विश्वनाथ गोखले. जर्मनीत हायडेलबर्ग येथे माक्स वालेझर यांच्या सहवासात त्यांनी चिनी आणि तिबेटी सामग्रीवर काम केले. १९३० मध्ये बॉन येथून प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध हा उल्लंघ या आचार्याच्या प्रतीत्यसमुत्पादविषयक ग्रंथाचे चिनीतून जर्मनमध्ये केलेले भाषांतर होय. एका मराठी विद्यार्थ्याने जर्मनीत बसून, चिनी भाषेतून, भारतीय आचार्याचा प्रतीत्यसमुत्पाद वाचला. आपला वारसा किती दूर विखुरला होता याची याहून बोलकी साक्ष कोणती द्यावी?

पुढे गोखले पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातील विहारांतून मिळविलेल्या संस्कृत पोथ्यांच्या छायाचित्रांवरून त्यांनी १९४६ मध्ये वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या कारिका आणि १९४७ मध्ये असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चया’चे अवशेष संपादिले. या दुसऱ्या ग्रंथाच्या कामात त्यांच्यासमवेत चिन क-मू हा तरुण चिनी अभ्यासक होता. पुण्यास येण्यापूर्वी सारनाथ येथे त्याने धर्मानंद कोसंबींजवळ अध्ययन केले होते. इत्सिंगची परंपरा अशा रीतीने पुण्याच्या एका अभ्यासिकेत पुन्हा अवतरली. संस्कृत पोथी, तिबेटी भाषांतर आणि ह्युएनत्संगाचे चिनी भाषांतर समोर ठेवून एक मराठी आणि एक चिनी अभ्यासक तुटलेली वाक्ये जुळवीत होते.

पेकिंगमधील पहिले दिवस

बापट आणि गोखले चिनी शिकले ते पाश्चात्त्य विद्यापीठांत, ग्रंथांवरून. प्रत्यक्ष चीनमध्ये जाऊन शिकण्याची संधी त्यानंतरच्या पिढीस मिळाली. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चीन भवन सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाचा दिवस १४ एप्रिल होता, हा योगायोगही आपल्या वाचकांना भावेल. १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकासह चीनला गेले. रुग्णांशी बोलता यावे म्हणून ते चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. १९४७ मध्ये भारत सरकारने विद्यार्थ्यांची एक तुकडी पेकिंग विद्यापीठात पाठविली. तिच्यात संस्कृताचे अभ्यासक वसंत वासुदेव परांजपे हे मराठी विद्यार्थी होते. प्रबोधचंद्र बागची हे बौद्धविद्येचे थोर पंडित त्याच सुमारास तेथे भारतीय विद्येचे अध्यापक म्हणून गेले होते. १९४८ मध्ये चिन क-मू हेही तेथे अध्यापक म्हणून आले. कोसंबींचा चिनी शिष्य आणि कोसंबींच्या महाराष्ट्रातील एक विद्यार्थी आता एकाच विद्यापीठाच्या छपराखाली होते.

चिनी शिकणाऱ्या भारतीयाचे पहिले दिवस कसे असतात, हे त्या भाषेच्या घडणीवरून समजते. मराठी मनुष्य लहानपणी बाराखडी शिकला की त्याला कोणताही शब्द वाचता येतो, मग अर्थ कळो वा न कळो. चिनीत तशी सोय नाही. प्रत्येक शब्दाला, किंबहुना प्रत्येक अर्थाला, वेगळे अक्षर आहे. आणि अपरिचित अक्षर समोर आले तर त्याचा नेमका उच्चारही करता येत नाही. पारंपरिक कोशांत अक्षरे २१४ मूलचिन्हांखाली लावलेली असतात. त्यामुळे एक शब्द शोधावयाचा तर आधी मूलचिन्ह ओळखावे, मग उरलेल्या रेघा मोजाव्या आणि मग पान उलटावे. आपल्या भाषेत आवाज चढला वा उतरला तर भाव बदलतो, शब्द बदलत नाही. चिनीत ‘मा’ हा एकच ध्वनी सरळ उंच स्वरात आई, चढत्या स्वरात ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या स्वरात घोडा आणि उतरत्या स्वरात रागावणे असे चार अर्थ देतो. पदवी घेऊन गेलेला विद्वान या भाषेच्या वर्गात पुन्हा पहिलीत बसतो. पांडित्याचा अहंकार गळून पडण्याचे हे स्थान होय.

परंतु बौद्ध वाङ्मयाशी परिचित असलेल्या विद्यार्थ्याला त्या परक्या भाषेत ओळखीचे चेहरेही भेटतात. बुद्ध म्हणजे ‘फो’, बोधिसत्त्व म्हणजे ‘पूसा’, अर्हत म्हणजे ‘लोहान’, भिक्षू म्हणजे ‘पीछ्यू’, निर्वाण म्हणजे ‘न्येपान’. क्षण या अर्थाचा ‘छाना’ हा शब्द तर चिनी लोकांच्या व्यवहारात मिसळून गेला आहे. ह्युएनत्संगाने असा दंडक घातला होता की, पाच प्रकारचे शब्द अर्थाने भाषांतरित न करता ध्वनीनेच ठेवावेत. ‘प्रज्ञा’ हा त्यांपैकी एक. त्यामुळे भारतीय कानाला जड वाटणाऱ्या त्या भाषेत आपलेच शब्द वेष पालटून उभे आहेत. बुद्धवाचक ‘फो’ या अक्षराची रचनाही पाहण्याजोगी आहे. त्याचा उजवा भाग उच्चार सुचवितो आणि डावा भाग हे ‘माणूस’ या अर्थाचे चिन्ह आहे. ‘संघ’ दर्शविणाऱ्या अक्षरातही डावीकडे तेच चिन्ह आहे. यातून मोठा सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. पण भगवान बुद्ध हे माणूस होते, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन मनात बाळगणाऱ्या वाचकाला ते अक्षर लक्षात ठेवणे सोपे जाईल.

पेकिंग विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू हु श हे लोकभाषेच्या चळवळीचे अग्रणी होते. पंडितांच्या जुन्या ग्रांथिक भाषेऐवजी बोलीत लिहावे, असा आग्रह त्यांनी १९१७ पासून धरला होता. चीनच्या लोकभाषेतील वाङ्मयाच्या वाढीला बौद्ध भाषांतरांनी हातभार लावला, असे त्यांचे मत होते. येथे विनयपिटकातील प्रसंग आठवतो. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची अनुज्ञा मागितली असता भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत धम्म शिकावा, असे सांगितले. बुद्धवचन चीनमध्ये रुजले ते या अनुज्ञेमुळेच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

परांजपे तेथे असतानाच इतिहासाने कूस पालटली. १९४८ च्या हिवाळ्यात त्या नगराला वेढा पडला. ३१ जानेवारी १९४९ रोजी साम्यवादी सैन्य शांततेने आत आले आणि १ ऑक्टोबर १९४९ रोजी नव्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली. विद्यार्थी म्हणून गेलेले परांजपे पुढे परराष्ट्र सेवेत गेले. १९५४ मध्ये पंडित नेहरू पेकिंगला गेले, तेव्हा माओ त्से-तुंग यांच्याशी झालेल्या बोलण्यात ते भारताच्या बाजूचे दुभाषी होते. कालांतराने ते दक्षिण कोरियात भारताचे राजदूत झाले. ‘मा’चे चार स्वर घोकणारा विद्यार्थी सात वर्षांत दोन राष्ट्रांच्या संवादाचा सेतू बनला.

दार कोणासाठी उघडले?

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता दुसरा प्रश्न.

बापट, गोखले, परांजपे ही नावे वाचताना आपल्या वाचकाच्या मनात जो विचार येईल, तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या विद्वानांच्या कार्याविषयी आपण कृतज्ञ असले पाहिजे. उपकार स्मरणे हा बुद्धानुयायाचा धर्म आहे, आणि ह्युएनत्संगाने येथील लोकांचा तो गुणही नोंदविला आहे. परंतु त्यांच्यासाठी जे दार उघडे होते ते सर्वांसाठी उघडे नव्हते, हेही तितकेच सत्य आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत घेऊ दिले गेले नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे त्याने संस्कृत स्वतःच्या बळावर आत्मसात केले, पालीचा व्यासंग केला आणि पाली शब्दकोशही सिद्ध केला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे दार त्याला उघडले. एक शिष्यवृत्ती मिळाल्याने काय घडू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

मराठवाड्याची कहाणी आणखी वेगळी. परांजपे पेकिंगमध्ये शिकत होते, तेव्हा बोरी निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या भागात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उजवीकडून डावीकडे लिहावयाची लिपी शिकल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हते. त्यातही अस्पृश्य गणलेल्या मुलाला शाळेचा उंबरठाच किती परका होता, याची कल्पना करता येईल. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून विख्यात झालेल्या त्या संस्थेने मराठवाड्यातील पहिल्या पिढीला उच्च शिक्षणाचे दार दाखविले. परकी लिपी, परके माध्यम, परके वातावरण यांच्याशी झुंजणे हे आपल्या आजोबा-पणजोबांना नवे नव्हते. म्हणून चिनी अक्षरांचे भय बोरीच्या तरुणाने बाळगण्याचे कारण नाही.

आज परिस्थिती बदलली आहे, पण दार पुरते उघडले आहे असे नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. परंतु २०२२ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचनांत अशी तरतूद करण्यात आली की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय परदेशात शिकण्यासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. अशा विषयांची साधने भारतातच आहेत, मग बाहेर कशाला जावयाचे, असा यामागील युक्तिवाद. कार्ल्याच्या भिक्खूंचा विनय, बुद्धचरिताचा उत्तरार्ध, विमुत्तिमग्ग आणि उल्लंघाचा प्रतीत्यसमुत्पाद यांचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला या युक्तिवादातील उणीव दाखविण्याची गरज नाही. भारतीय इतिहासाचे एक प्रचंड भांडार भारताबाहेर आहे, आणि ते तेथे का आहे याचे कारणही भारताच्या इतिहासातच आहे. ज्यांचा वारसा बाहेर गेला, नेमक्या त्यांच्याच मुलांना तो शोधण्यासाठी बाहेर जाण्याचे साधन नाकारणे हे न्यायाचे नाही. या तरतुदीविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलत राहणे हे आपल्या संस्थांचे कर्तव्य होय.

तथापि शिष्यवृत्तीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. इत्सिंगने श्रीविजयात केली तशी पूर्वतयारी घरी बसून करता येते. आधी पाली नीट शिकावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा दिला; त्या दर्जाला अर्थ येईल तो शिकणाऱ्यांमुळेच. पालीतील एखादे परिचित सुत्त मनात पक्के झाले की त्याचे चिनी रूप समोर ठेवून अक्षरे ओळखण्यास आरंभ करावा. बापटांना ज्यासाठी हार्वर्डच्या ग्रंथालयात जावे लागले, ते चिनी त्रिपिटक १९९८ मध्ये तैवानात स्थापन झालेल्या एका संस्थेने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. बोरीच्या विहारात बसलेल्या मुलाच्या हातातील मोबाईलवर महासांघिक विनय उघडू शकतो. उणीव आहे ती तो वाचणाऱ्याची.

त्या तरुणाला दिलेले उत्तर थोडक्यात असे होते. चिनी शिकणे उलटे नाही. ते परतीचे पाऊल आहे. फाहियानाने पाटलिपुत्रात तीन वर्षे बसून जे लिहून नेले, ते त्याने चोरून नेले नव्हते. ते त्याने जपण्यासाठी नेले. ती ठेव सोळाशे वर्षे सुरक्षित आहे. ती मागावयास जाणाऱ्याने फक्त एवढेच करावयाचे आहे की, ज्यांनी ती जपली त्यांच्या भाषेत ती मागावी.

चर्चा संपल्यावर तो तरुण जवळ आला आणि ‘फो’ हे अक्षर कसे लिहितात ते त्याने विचारले. प्रथम डावीकडचा ‘माणूस’ काढून दाखविला. त्याने आपल्या वहीच्या मागच्या पानावर तो सात-आठ वेळा गिरविला. पहिले दोन-तीन वाकडे आले, नंतरचे बरे आले.

भवतु सब्ब मंगलं.